पाच ड्रम, आठ महिने : ॲसिड स्लरी नीट ठेवायला शिकताना

पावसाळ्यात सांगलीत कुणी कुणाला भेटलं की आधी विचारतात, "आयर्विनला किती?" आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ वर गेलं की धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि आमच्या तळमजल्याच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. तेव्हा त्या खोलीत जुनं कपाट आणि दोन सायकली एवढंच सामान होतं. २६ जुलै २०२४ ला कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली, तेव्हा त्याच खोलीत माझे ॲसिड स्लरीचे तीन ड्रम, एसएलईएसचे दोन ड्रम, हायपोचे (ब्लीचचे) चार कॅन आणि कॉस्टिक सोड्याच्या फ्लेक्सची सहा पोती होती.

भांड्यांचं लिक्विड, कपड्यांची पावडर आणि फरशीचा क्लीनर असा माझा छोटा व्यवसाय आहे. मार्च २०२२ मध्ये स्लरीच्या ५० किलोच्या एका कॅनवर सुरुवात केली. उद्यम नोंदणी केली (ती सरकारी पोर्टलवर पूर्ण फुकट होते, पैसे मागणाऱ्या खासगी वेबसाइट्सपासून लांब राहा), जीएसटी घेतला, हॉटेलं आणि मेस मिळत गेल्या, माल वाढला. खोली मात्र तीच राहिली. दिवाळीआधी भाव वाढतील म्हणून त्या जुलैत मी एकदम साठा केला होता. एक ड्रम तेव्हा चोवीस-पंचवीस हजारांच्या घरात पडत होता, म्हणजे घरातली जवळपास सगळी शिल्लक त्या खोलीत उभी होती.

ज्यांनी स्लरी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्ण नाव लिनिअर अल्किल बेंझीन सल्फोनिक ॲसिड, कागदोपत्री लॅब्सा. बाजारात सगळे ॲसिड स्लरीच म्हणतात. दिसायला हुबेहूब काकवी, तपकिरी आणि दाट, ओतताना तिच्यासारखीच तार धरते. पावडर आणि लिक्विडमधला मळ काढणारा मूळ घटक हाच, पण तो कॉस्टिक किंवा सोडा ॲशने (धुण्याच्या सोड्याने) मारल्यावर, म्हणजे त्यातलं ॲसिडपण घालवल्यावर. मारण्याआधी ते तीव्र ॲसिड असतं. एसएलईएस म्हणजे सोडियम लॉरिल इथर सल्फेट, ही फिकट, जाड पेस्ट असते. शाम्पूत असते म्हणून लोक तिला निर्धास्त हात लावतात, पण ७० टक्क्यांची पेस्ट डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते.

त्या दिवशी दुपारपासून गल्लीत सामान वर चढवायची घाई सुरू झाली. कुणी गाद्या नेत होतं, कुणी धान्याची पिंपं. माझे ड्रम दोनशे-दोनशे किलोचे, जिन्यावरून वर जाणं शक्य नव्हतं. माझ्या मामेभावाचं कुपवाडला शेड आहे. ते उंचावर आहे, म्हणून तिकडे न्यायचं ठरलं. टेम्पो मिळाला रात्री साडेआठला, पावसात. ड्रम उभे ठेवले तर वळणावर पडतील म्हणून आम्ही ते आडवे केले आणि दोरीने बांधले. इथंच चुकलो. शेडपाशी फाळका उघडला तेव्हा एका ड्रमचं बूच सैल झालेलं होतं. दहाएक लिटर स्लरी टेम्पोच्या हौद्यात पसरली होती, आणि तिच्याखाली पत्र्याचा निळा रंग फोडासारखा फुगून वर आला होता. त्यावर बारीक बुडबुडे येत होते. तो आवाज मला अजून आठवतो, तव्यावर पाण्याचे थेंब टाकल्यासारखा, पण खूप हळू.

माझ्याकडे काम करणारा जतचा एक मुलगा आहे. त्याने पटकन पुढे होऊन ड्रम उभा केला. हातात भाजी निवडायला वापरतात तसले पातळ हातमोजे होते. मनगटावर, मोज्याच्या कडेच्या वर, स्लरी लागली. आम्ही काय केलं? त्यावर खाण्याचा सोडा चोळला. ॲसिडवर सोडा, असं शाळेत शिकलेलं. त्याने ओरडा केला नाही, फक्त हात धरून बसून राहिला. मग पाइप लावून टेम्पो धुतला. फेस इतका झाला की पलीकडचं गटार दिसेना. तो फेस गटारातून वाहत गेला.

रात्री दहाला दवाखान्यात डॉक्टरांनी पहिल्यांदा त्याचा हात नळाखाली धरला आणि घड्याळ लावून वीस मिनिटं धरून ठेवला. म्हणाले, "ॲसिड अंगावर पडलं की फक्त पाणी, भरपूर पाणी, लगेच. सोडा चोळलात तर चोळण्याने कातडी आणखी जाते." मग विचारलं, "केमिकलचा कागद आहे का?" माझ्याकडे फक्त बिल होतं.

पाणी यावेळी आमच्या खोलीत आलं नाही. पण ते ड्रम मी परत त्या खोलीत आणायचे नाहीत, हे मी त्या रात्री ठरवलं. पुढचे आठ महिने त्यातच गेले. काही वेळा वाटलं की धंदा बंद करावा. आता सगळं मार्गी लागलंय, तर कुणी याच वाटेवर असेल त्याच्यासाठी जसं घडलं तसं लिहिते.

ऑगस्ट २०२४ : कागद

डॉक्टरांनी मागितलेला कागद म्हणजे एसडीएस, सेफ्टी डेटा शीट. पुरवठादाराला फोन केला. "पाठवतो मॅडम" म्हणाला. चार दिवसांनी एक पान आलं: सक्रिय घटक ९६ टक्के, रंग अमुक, मुक्त सल्फ्युरिक ॲसिड अमुक. मी खुश झाले. तो सीओए होता, म्हणजे त्या बॅचच्या तपासणीचा दाखला. माल चांगला आहे की नाही एवढंच तो सांगतो. अंगावर पडला तर काय करायचं, कशाजवळ ठेवायचा नाही, हे त्यात नसतं. फरक मला कळला तो आमच्या गल्लीतल्या काकांमुळे. ते केमिकल इंजिनिअर, आयुष्यभर सल्फोनेशनच्या, म्हणजे स्लरी तयार करण्याच्या, प्लांटवर काम केलेले, आता निवृत्त. ते म्हणाले, "अगं, एसडीएसला सोळा भाग असतात. सोळा मोजून घे. कमी असतील तर परत पाठव."

तीन फोन आणि दोन ईमेलनंतर, १९ ऑगस्टला खरा एसडीएस आला. चौदा पानं, इंग्रजीत. काका आणि मी पाच संध्याकाळी बसून तो वाचला. तुमच्याकडे एवढा वेळ नसेल तर निदान हे भाग वाचाच: दुसरा धोक्याचा, चौथा प्रथमोपचाराचा, सहावा सांडल्यावर काय करायचं त्याचा, सातवा हाताळणी आणि साठवणीचा, आठवा हातमोजे-गॉगलचा, दहावा कशाशी जुळत नाही त्याचा. चौदाव्यात वाहतुकीचा यूएन क्रमांक असतो. माझ्या स्लरीचा २५८६, वर्ग ८, म्हणजे दाहक पदार्थ. परीक्षानळीतून थेंब हातावर आणि धातूच्या पट्टीवर पडतोय असं ते चित्र. ते चित्र माझ्या ड्रमवर अडीच वर्षं होतं. मी त्याला कंपनीचा छाप समजत होते.

दहावा भाग वाचताना मी मध्येच उठून गेले. त्यात लिहिलं होतं: अल्कली (कॉस्टिकसारखे), ऑक्सिडीकारक (हायपोसारखे), धातू यांपासून दूर ठेवा. माझ्या खोलीत भिंतीला लागून ओळीने स्लरी, कॉस्टिकची पोती आणि हायपोचे कॅन उभे होते. हायपो म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात कुठलंही ॲसिड मिसळलं की क्लोरीन वायू निघतो. त्या बंद खोलीत एक ड्रम गळला असता आणि ओघळ कॅनपर्यंत गेला असता, तर? वरच्या मजल्यावर माझी मुलं आणि सासूबाई झोपतात. काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आता कळलं ना. चल, सातवा भाग घे."

जस्ताच्या बादलीचं कोडंही त्याच आठवड्यात सुटलं. स्लरी मापायला मी घरातली जस्ताची बादली वापरायची. तिचा तळ खडबडीत होत गेला होता, आणि उजेडात धरली की सुईच्या टोकाएवढी भोकं दिसायची. मला वाटायचं बादली हलकी निघाली. स्लरी जस्त, लोखंड, ॲल्युमिनियम खाते आणि खाताना हायड्रोजन सुटतो. तो पेट घेणारा वायू. त्या खोलीत मी कधी कधी देवापुढची उदबत्ती फिरवत असे. ॲसिड स्लरीसाठी भांडी जाड प्लास्टिकची, म्हणजे एचडीपीई किंवा पीपीची हवीत, नाहीतर ३१६ ग्रेडचं स्टील. ड्रमची तोटीही पितळेची नको, पीपीची घ्या. कॉस्टिकसाठी ॲल्युमिनियमचं पातेलं तर अजिबात नको, तिथंही तोच हायड्रोजन.

सप्टेंबर-ऑक्टोबर : जागा

कुपवाड एमआयडीसीत गाळे बघायला सुरुवात केली. अकरा गाळे बघितले. बऱ्याच ठिकाणी केमिकल म्हटलं की मालक नको म्हणायचे, आणि मला त्यांचा राग आला नाही. शेवटी ११०० चौरस फुटांचा एक मिळाला, भाडं १४,०००, अनामत तीन महिन्यांची. एक गोष्ट नक्की बघा: एमआयडीसीच्या जागेत पोटभाड्याने राहायचं तर मालकाने एमआयडीसीची तशी परवानगी घेतलेली असली पाहिजे. ती नसेल तर पुढचा प्रत्येक अर्ज त्याच जागी अडतो. माझ्या मालकांची परवानगी यायला २३ दिवस लागले, तेवढे दिवस भाडं नुसतं भरलं.

मग कट्टा. साठवणीच्या जागेभोवती उंबरा घालायचा, म्हणजे ड्रम फुटला तरी माल आतच राहतो. रूढ हिशोब असा की सगळ्यात मोठ्या भांड्याच्या ११० टक्के माल आत मावला पाहिजे. माझा ड्रम २०० लिटरचा, म्हणजे निदान २२० लिटर. आम्ही ८ फूट बाय ६ फूट जागा घेतली आणि ६ इंचांचा उंबरा धरला. २४ घनफूट, म्हणजे ६८० लिटरच्या आसपास. ड्रम आणि पॅलेट जागा खातात ती सोडूनही पुरेसं.

मिस्त्रींनी काम छान केलं, उतारही एका कोपऱ्याकडे काढला. संध्याकाळी जाऊन बघते तर त्या कोपऱ्यात दीड इंची पाइप बसवलेला, तोंड बाहेरच्या गटारात.

"मिस्त्री, हे काय?"

"वहिनी, धुतल्यावर पाणी जायला वाट नको?"

त्यांचं बरोबर होतं. आयुष्यभर त्यांनी मोऱ्या बांधल्या, मोरीला वाट असतेच. मी त्यांना मोबाइलवरचा टेम्पोतल्या फेसाचा फोटो दाखवला आणि सांगितलं की हा असा फेस आमच्या भागातून वाहिला तर गटारातून शेरीनाल्यात आणि शेरीनाल्यातून कृष्णेत जातो. आपण सांगलीकर तिथलंच पाणी पितो आणि तिथलेच मासे खातो. मिस्त्री फोटोकडे बघत राहिले. अंकलीजवळ मार्च २०२३ मध्ये मेलेल्या माशांचा खच पडला होता, तो त्यांनी स्वतः पाहिला होता. त्याचं कारण वेगळं असेल, पण स्लरीच्या एसडीएसमध्ये बाराव्या भागात जलचरांना घातक असं स्पष्ट लिहिलेलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचायच्या आत त्यांनी पाइप काढून भोक बुजवलेलं होतं. कोपऱ्यात त्याऐवजी एक छोटा खड्डा केला. काही सांडलं तर तिथं जमतं आणि हातपंपाने उचलता येतं.

आमचं एक चुकलं. सहा इंचांचा उंबरा झाला, पण त्यावरून दोनशे किलोचा ड्रम आत न्यायचा कसा हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. मागून रॅम्प घालावा लागला. त्याचे ३,००० धरून बांधकामाचे ३१,५०० झाले, आणि आतून एपॉक्सीचा थर द्यायला ९,८०० वेगळे. साध्या कोब्याला ॲसिड खातं, त्यामुळे तो थर टाळू नका.

आता मांडणी अशी आहे: मागच्या डाव्या कोपऱ्यात कट्ट्यात स्लरी, प्लास्टिकच्या पॅलेटवर. समोरच्या उजव्या कोपऱ्यात कॉस्टिक, तेही पॅलेटवर आणि पिशवीचं तोंड गच्च बांधून, कारण फ्लेक्स हवेतलं पाणी ओढून चिकट होतात. मध्ये एसएलईएस. हायपो या खोलीतच नाही. त्याच्यासाठी मागच्या दाराबाहेर जाळीचं दार असलेली सावलीतली वेगळी खोली केली. उन्हाने हायपो बिघडतो आणि वायू सोडतो, म्हणून त्याच्या कॅनला वायू जाऊ देणारी बुचं येतात. ती बदलून साधी घट्ट बुचं लावू नका.

डोळे

याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण यातच सगळे पैसे वाचवतात.

मी शॉवरसकट आयवॉश (डोळे धुवायचा नळ) बसवला, १४,५०० ला. काकांनी दोन गोष्टी सांगितल्या. स्लरी किंवा कॉस्टिक डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं सलग पाणी लागतं. त्यामुळे गाळ्यात येणाऱ्या पाण्याच्या भरवशावर राहायचं नाही, ते नेमकं त्याच वेळी गेलेलं असतं. आणि गच्चीवरच्या टाकीला जोडायचं नाही. सांगलीच्या एप्रिलमध्ये दुपारी टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. त्या पाण्याखाली डोळा उघडून पंधरा मिनिटं कोण उभं राहील? म्हणून गाळ्याच्या आतच, छताखाली उंचावर, ५०० लिटरची वेगळी टाकी ठेवली, ३,२०० ला. तिचं पाणी दुसऱ्या कशालाच वापरायचं नाही. दर सोमवारी झडप उघडून मिनिटभर वाहू देतो, म्हणजे गंज आणि शेवाळ राहत नाही.

गॉगल म्हणजे चष्मा नव्हे. बाजूने बंद असलेला केमिकल गॉगल हवा, ओतताना त्यावर फेसशील्ड. हातमोजे नायट्राइलचे आणि कोपरापर्यंत. पीव्हीसीचा एप्रन गमबुटाच्या बाहेर यायला हवा. आत खोचला तर ओघळ बुटात जातो. तीन जणांचे तीन संच ६,४०० ला झाले. ड्रम ट्रॉली ७,२००, पीपीचा हातपंप २,६००, सहा पॅलेट ११,४००. बांधकामासकट गाळा सुरक्षित करायला मला एकूण ८६,६०० रुपये लागले. एवढी रक्कम एकदम नव्हती. माझ्या दोन बांगड्या बँकेत गहाण ठेवल्या, त्या पुढे सोडवल्या.

नोव्हेंबर ते मार्च : संमती

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दोन टप्प्यांत असते: आधी उभारणीची, मग चालवण्याची. अर्ज ऑनलाइन. शुल्क तुमच्या भांडवली गुंतवणुकीवर ठरतं, त्यामुळे माझा आकडा सांगून तुम्हाला उपयोग नाही; पण गुंतवणुकीचा सीएचा दाखला लागतो तो आधीच काढून ठेवा. मला त्याचे २,५०० लागले. मी एक सल्लागार धरला, २५,००० ला. एकटीने करता आलं असतं का? कागद नीट असतील तर हो, असं आता वाटतं. तेव्हा धीर नव्हता.

अर्ज भरला १२ नोव्हेंबर २०२४ ला. सोबत गाळ्याचा आराखडा, कच्च्या मालाची यादी मासिक प्रमाणासकट, प्रक्रियेची आकृती, पाण्याचा ताळेबंद, भाडेकरार, एमआयडीसीची परवानगी. अठरा दिवसांनी शंका आल्या. पहिली होती: तुम्ही फक्त मिश्रण करता की सल्फोनेशनही करता? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. स्लरी विकत आणून ती मारून माल बनवणं वेगळं, आणि अल्किल बेंझीनपासून स्लरी तयार करणं पूर्ण वेगळं. उद्योगाचा वर्ग त्यावर ठरतो. माझ्या अर्जात सल्लागाराने "डिटर्जंट उत्पादन" एवढंच मोघम लिहिलं होतं. मी प्रत्येक पायरी मराठीत लिहून काढली, मग तिचं भाषांतर केलं आणि तेच जोडलं.

दुसरी शंका सांडपाण्याची. ड्रम आणि टाकी धुतलेलं पाणी कुठं जातं? आमच्याकडे आता ते एका कॅनमध्ये साठतं, त्यावर कुठल्या मालाचं ते लिहिलेलं असतं, आणि त्याच मालाच्या पुढच्या बॅचला सुरुवातीचं पाणी म्हणून वापरतो. माल वाया जात नाही आणि गटारात काही जात नाही. तिसरी रिकाम्या ड्रमची. केमिकल लागलेले रिकामे ड्रम २०१६ च्या घातक कचरा नियमांत येतात, परिशिष्ट एकमधला ३३.१ हा प्रकार. ते भंगारात किंवा पाण्याची पिंपं म्हणून विकायचे नाहीत. मी याआधी पाच ड्रम शेजारीपाजारी दिले होते, लोक त्यात पाणी भरत होते. त्या आठवड्यात मी प्रत्येकाच्या दारात गेले आणि ते परत घेतले. बदल्यात नवीन पिंपं दिली. एका आजींना पटेना, "अगं, मी दहा वेळा धुतलंय." मी त्यांना नवीन पिंप देऊनच निघाले. आता पुरवठादाराशी लेखी ठरवलंय की रिकामे ड्रम तोच परत नेईल.

डिसेंबरात एकही दिवस अर्जाची स्थिती बदलली नाही. रोज सकाळी चहाआधी पोर्टल उघडायची. जानेवारीत अधिकारी पाहणीला आले, चाळीस मिनिटं थांबले. त्यांनी कट्ट्याच्या कोपऱ्यात बाहेर जाणारा पाइप आहे का ते वाकून बघितलं. मला मिस्त्रींची आठवण झाली. उभारणीची संमती जानेवारीच्या शेवटी आली, चालवण्याची २१ मार्च २०२५ ला. मधल्या काळात माल बनवणं बंद होतं. जुनी गिऱ्हाइकं टिकावीत म्हणून मी ओळखीच्या एका परवानाधारक युनिटकडून माल घेऊन, नफ्याशिवाय पुरवला. पुन्हा करावं लागलं तर मी हेच करेन.

रंगीत तालीम

संमती यायच्या आधी, थंडीत एका रविवारी आम्ही तालीम केली. एका कॅनमध्ये काळ्या चहाचं पाणी भरलं आणि कट्ट्याबाहेर मुद्दाम आडवं केलं. मोबाइलवर वेळ लावली. ठरलं होतं असं: आधी माणसं बाजूला, मग गॉगल-मोजे, मग कोरड्या वाळूचा बांध. लाकडाचा भुसा नाही. वाळूने उचलायचं, झाकणाच्या डब्यात भरायचं, उरलेल्या डागावर सोडा ॲश थोडी थोडी टाकायची, फसफस थांबेपर्यंत. पाणी सगळ्यात शेवटी आणि अगदी कमी, तेही पुसून घ्यायचं. पाइप लावायचा नाही.

वाळूचं काम झकास झालं. मग जतच्या मुलाने डोळे मिटून आयवॉशपर्यंत जायचं होतं. कामाच्या जागेपासून दहा सेकंदांत पोचता आलं पाहिजे असं मानतात. त्याला बावीस लागले, कारण वाटेत ड्रम ट्रॉली उभी होती आणि तो तिला धडकला. ट्रॉलीची जागा बदलली, जमिनीवर पिवळा पट्टा ओढला, त्या पट्ट्यावर काहीही ठेवायचं नाही असं ठरलं. पुन्हा केलं तेव्हा आठ.

पाट्याही त्याच दिवशी बदलल्या. आधी इंग्रजीत होत्या. आता मोठ्या अक्षरात मराठीत, "दाहक. अंगावर पडल्यास लगेच पाणी, वीस मिनिटं", आणि खाली तेच कानडीत. ते कानडी जतच्या मुलानेच लिहून दिलं. त्याची आई कधी डबा घेऊन येते, तिला फक्त कानडी वाचता येतं.

काम करताना कळलेल्या काही गोष्टी

स्लरी मारताना क्रम महत्त्वाचा. आधी पाणी, त्यात कॉस्टिक थोडं थोडं विरघळवायचं, ते तापतं म्हणून निवू द्यायचं, मग ढवळत ढवळत बारीक धारेने स्लरी. एक किलो ९६ टक्के स्लरीला साधारण सव्वाशे ग्रॅम कॉस्टिक लागतं, पण शेवट पीएच पट्टीवरच ठरवा, अंदाजावर नको. पावडरसाठी सोडा ॲशवर मारत असाल तर भांडं दुप्पट मोठं घ्या. वायू सुटतो आणि मिश्रण दुधासारखं उतू येतं.

एसएलईएसचंही तसंच, आधी पाणी. पेस्टवर पाणी ओतलं की मध्येच ती रबरासारखी घट्ट होते आणि गाठी तासन्‌तास विरघळत नाहीत. पाण्यात पेस्ट थोडी थोडी घाला. थंडीत ड्रम घट्ट झाला तर शेगडी किंवा हीटर लावू नका; कोमट पाण्याच्या हौदात उभा करून ठेवा, रात्रभरात सुटतो.

ड्रमचं बूच एकदम फिरवायचं नाही. अर्धा आटा सैल करून थांबा, आतला दाब जाऊ द्या, तोंड बाजूला ठेवा. उन्हाळ्यात विशेष. आणि उघडलेल्या ड्रमचं झाकण प्रत्येक वेळी लावा, स्लरी हवेतला ओलावा घेते.

२९ मार्चला नव्या गाळ्यात पहिले दोन ड्रम आले. टेम्पोवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं: ड्रम उभे, बूच वर, पट्ट्याने बांधलेले, सोबत एसडीएसची प्रत. त्याने एक ड्रम आडवा आणला होता. जतच्या मुलाने तो उतरवून घेतला नाही. टेम्पोवाला चिडला, दोन वेळा माझ्याकडे बघितलं, पण मी काही बोलले नाही. शेवटी टेम्पोतच दोघांनी मिळून ड्रम उभा केला, बुचाभोवती पांढरं कापड फिरवून बघितलं, कापड कोरडं निघालं. मग मुलाने मोजे चढवले, मनगटावरचा तपकिरी डाग त्यांच्या आत गेला, ड्रम ट्रॉलीवर घेऊन रॅम्पवरून कट्ट्यात नेला आणि मार्करने त्यावर तारीख घातली.